अंगात लोखंड आहे का

सोमवार

टायवाल्या डॉक्टरांनी फर्मावलं आहे, रोज ताप किती, कुठे दुखतं, लघवीचा रंग कसा, ते टिपून ठेवा. टिपायचंच तर मी सगळं टिपणार. अर्धवट काम मला जमत नाही. ते जमणारे लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांतले बरेचसे त्या दवाखान्यात पगारावर आहेत.

तर, ताप नाही. दुखणं उजव्या बरगडीखाली, तिथून पाठीत, गिरमिट फिरवल्यासारखं. लघवी काळ्या चहासारखी. डोळे पिवळे. खाज सर्वांगाला, तळपायांना सगळ्यात जास्त.

आज सोनोग्राफी होती. उपाशीपोटी बोलावलं आणि बसवून ठेवलं. बसायच्या खुर्च्या एका लोखंडी पट्टीवर ओळीने बसवलेल्या. एक जण उठला की उरलेले सगळे डुलतात. मी वाकून बघितलं. टोकाच्या खुर्चीला बोल्टच नाहीत, नुसती भोकं आहेत. ही म्हणाली, "अहो, उठा ना. लोक बघतायत." लोकांना बघण्यापलीकडे दुसरं येतं काय.

आत एक गृहस्थ अंधारात बसले होते. माझ्या पोटावर काहीतरी थंडगार, चिकट फासलं आणि यंत्राची मूठ नेमकी दुखतं तिथेच दाबत राहिले. श्वास घ्या, धरा, सोडा. ग्रीस लावायचं तर निदान सारखं पसरावं, एवढीसुद्धा शिस्त नाही. शेवटी म्हणाले, "पित्ताशयात खडे आहेत. पित्ताची नळी फुगली आहे. खाली कुठेतरी अडलंय, पण काय अडलंय ते दिसत नाही. मध्ये गॅस आहे."

एवढं मोठं यंत्र आणि वाऱ्यापुढे हरलं.

मी म्हणालो, "पाइप फुगला म्हणजे पुढे बूच बसलंय. हे मला घरबसल्या कळलं होतं."

"बूच कशाचं, ते कळायला हवं ना," ते म्हणाले.

माणूस हजरजबाबी आहे. नजर मात्र बेताची.

परतताना मेहुणा गाडी घेऊन आला होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. रस्त्यात म्हणतो, "दाजी, काविळीच्या डोळ्यांना सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. खरं का हो?" मी म्हटलं, खोटं आहे, पांढरं पांढरंच दिसतं आणि मूर्ख मूर्खच दिसतो. तो खो खो हसला. विनोद कुठला आणि अपमान कुठला ते त्याला कळत नाही, म्हणून त्याच्याशी भांडताही येत नाही.

मंगळवार

टायवाले आज रिपोर्ट घेऊन बोलले. टायची आतली पट्टी बाहेरच्या पट्टीपेक्षा लांब लोंबत होती. आमच्यासाठी त्यांनी कागदावर चित्र काढलं. यकृत बटाट्यासारखं, पित्ताशय वांग्यासारखं, आणि नळी अशी, की पेन घसरलं असावं. ज्याला सरळ रेघ मारता येत नाही त्याच्या हातात लोक सुरी देतात.

म्हणाले, "दोन शक्यता आहेत. एक, खडा घसरून नळीत अडकलाय. तसं असेल तर तोंडावाटे दुर्बीण घालून काढू, काम झालं. दुसरी, नळीच्या तोंडाशी गाठ असेल. मग गोष्ट वेगळी. मोठं ऑपरेशन, तेही जमण्यासारखं असेल तर. म्हणून आधी एमआरआय करू. शुक्रवारची वेळ मिळाली आहे. मध्येच थंडी वाजून ताप आला तर शुक्रवारची वाट बघू नका, सरळ इथे या."

"गाठ म्हणजे?" हिने विचारलं.

त्यांनी उत्तर द्यायच्या आत मीच सांगितलं, गाठ म्हणजे गाठ, सुतळीला असते ती. टायवाल्यांनी पेनाचं टोपण बसवलं. उलट्या बाजूने बसवलं.

घरी येईपर्यंत ही खिडकीबाहेर बघत होती. बायकांना नुसत्या शब्दाची भीती वाटते. मला काही वाटलं नाही. ते चित्र घडी घालून खिशात ठेवलं आहे, ते केवळ किती वाईट आहे ते दाखवायला.

बुधवार

ही म्हणते रात्रभर मी बसून होतो. बसून होतो, कारण आडवं झालं की खाज वाढते. त्यात रडण्यासारखं काय आहे.

घरात बसून कंटाळा येतो म्हणून गाळ्यावर गेलो. लेथचं काम मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. मोडकं यंत्र भंगारातून आणलं, उघडलं, जोडलं, पुन्हा उघडलं, आणि त्यानेच मला शिकवलं. भिंतीवर पदव्या टांगणाऱ्यांनी आपापलं एखादं यंत्र उघडून दाखवावं.

एक बुश, म्हणजे शाफ्टवर चढवायचं पोकळ नळकांडं, कातायला घेतला. शेवटचा कट जरा खोल गेला आणि शाफ्टवर ढिला बसला. दुसरा केला. तोही ढिला. मायक्रोमीटर बिघडलेला दिसतो. एका चांगल्या यंत्रकाराच्या आयुष्यात एकाच दिवशी दोन बुश वाया जातात ते मापकामुळेच, दुसरं कारण असू शकत नाही.

दुपारी शेजारच्या गाळ्यातला वेल्डर आला, एक डोळा तळव्याने झाकून.

"उस्ताद, गेलं."

"गॉगल कुठे होता?"

"कपाळावर."

"मग कपाळ वाचलं असेल. बस."

आमच्या गाळ्यांच्या रांगेत डोळ्यात कण गेला की माणूस डॉक्टरकडे जात नाही, माझ्याकडे येतो. डॉक्टर थेंब घालणार, पट्टी बांधणार आणि दिवस बुडवणार. मी काडीवर पापणी उलटी करतो, दिवा तिरका धरतो आणि सुईच्या जाडीचं चुंबक एकदाच फिरवतो. "निघालं, जा." माणूस परत कामाला. माझ्या स्वतःच्या डोळ्यातलं मी आरशात बघून काढतो. हे आणखी कोणाला येत असेल तर त्याने समोर यावं.

"उस्ताद, तुमचा हात थरथरतोय."

"तुझा डोळा थरथरतोय. गप्प राहा."

"आणि तुमचे डोळे केवढे पिवळे झालेत."

"मी तुझ्या डोळ्यात बघतोय. तू माझ्या डोळ्यात बघायचं नाहीस."

चुंबकाच्या टोकाला काळा ठिपका आला. निघालं, जा, म्हटलं. दारापर्यंत गेला आणि वळला. "टोचतंय अजून."

"टोचणारच. ओरखडा उठलाय."

गेला. मानले नाहीत आभार. एवढी वर्षं काढतोय, आता कोणी मानत नाही.

गुरुवार, दवाखान्यातून

जेवायला बसलो आणि चमचा ताटलीवर वाजायला लागला. मला वाटलं कोणीतरी टेबल हलवतंय. ही उठली, माझ्या कपाळाला हात लावला आणि मला न विचारता भावाला फोन केला. मी सांगत होतो की हवा बदलली आहे. खिडक्या सगळ्या बंद होत्या, हे खरं.

भरती करून घेतलं. पलंगाच्या चार चाकांपैकी एकाला ब्रेक नाही. सलाइनच्या दांड्याचा स्क्रू ढिला होता, तो मी बोटांनी घट्ट आवळला. सिस्टर आली. "काका, तो घट्ट करू नका. उंची खालीवर करायची असते."

"ढिला ठेवून एक दिवस बाटली माझ्या डोक्यात पडेल."

"तुम्ही काय काम करता?"

"जे इथे कोणाला येत नाही ते."

"मग झोपून दाखवा. तेही इथे कोणाला येत नाही," म्हणाली आणि स्क्रू पुन्हा ढिला करून गेली.

ताप एकशे दोनच्या वर. टायवाले येऊन गेले. नळीत तुंबलेल्या पित्तात जंतू झालेत म्हणे. औषध चालू केलंय, पण औषधाने बूच निघत नाही. ते काढावंच लागेल, आणि काढायच्या आधी ते काय आहे ते कळायला हवं. म्हणजे सगळं उद्याच्या एमआरआयवर. खडा की गाठ.

मेहुणा बाहेर बाकावर बसलाय. घरी जा म्हटलं तरी जात नाही. घरी त्याला कोणी विचारत नसावं.

शुक्रवार

आजचं नीट लिहायला हवं, कारण उद्या प्रत्येक जण आपापल्या सोयीने सांगेल.

एमआरआयचं यंत्र तळघरात आहे. मला चाकाच्या खुर्चीतून नेलं. पाठीमागे बांधायचे बंद असलेला झगा घातला होता. ज्याने तो शिवला त्याने बंद तीन लावले आणि त्यांच्या जोड्या जुळवल्याच नाहीत. दाराबाहेर एक जाड चष्म्याची बाई उभी होती. यंत्र तीच चालवते. चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली. स्वतःचा चष्मा दुरुस्त करता येत नाही.

"काका, पेसमेकर वगैरे?"

"नाही."

"डोक्यात क्लिप, हाडात सळई, कानात यंत्र?"

"नाही."

"दात?"

"माझेच आहेत."

"अंगात कुठेही लोखंड आहे का?"

"अंगात नाही. हातात असतं."

"म्हणजे?"

"टर्नर आहे. लेथ, ग्राइंडर."

तिने मान वर केली. "मग डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता?"

"नाही."

हे उत्तर खोटं नव्हतं. जे गेलं आणि निघालं, ते गेलं असं धरायचं नसतं. घरात पाहुणा येऊन गेला म्हणून कोणी घरातली माणसं मोजताना त्याला मोजत नाही. शिवाय थंडी पुन्हा भरत होती, आडवं व्हायचं होतं, आणि दाराच्या पलीकडे ते यंत्र होतं जे एकदाचं सांगून टाकणार होतं, हे की ते.

"एकदाही नाही?"

"बाई, ज्यांना काम येत नाही त्यांच्या डोळ्यात जातं."

तेव्हा ही बोलली. माझ्या कपड्यांची पिशवी छातीशी धरून मागे उभी होती. "गेलंय. बऱ्याचदा गेलंय. स्वतःच काढतात, आरशात बघून. दिवा मी धरते."

एवढ्या वर्षांच्या संसारात हिने मला चारचौघांत कधी खोटं पाडलं नव्हतं. आज तळघरात पाडलं, तेही माझी पाठ उघडी असताना.

"बरं झालं सांगितलंत, काकू," चष्मेवाली म्हणाली. मग माझ्याकडे वळून, लहान मुलाला सांगावं तसं, "काका, हे यंत्र म्हणजे प्रचंड मोठं चुंबक आहे. डोळ्यात एखादा कण राहिला असेल तर तो आतल्या आत हलेल. डोळा जाईल. आधी डोळ्यांचा एक्स-रे काढू."

"चुंबक मला शिकवू नका. चुंबकानेच मी काढतो."

"आलं तेवढं काढलंत. न आलेलं आहे की नाही, ते कसं कळलं?"

उद्धट आहे.

मी म्हणालो, मला ताप आहे, डॉक्टरांना घाई आहे, उशीर झाला तर जबाबदार कोण. ती म्हणाली, "मी." आणि खुर्ची फिरवली. 

एक्स-रेला उभं राहावं लागतं. नाक आणि हनुवटी प्लेटला टेकवून. प्लेट गार, अंग तापलेलं, पाय आपले नव्हेत असे. पोटात ढवळलं. हिने पिशवी पुढे केली. तिच्याकडून काही घ्यायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून तोंड दुसरीकडे फिरवलं आणि चष्मेवालीच्या बुटांवर ओकलो. तिने बुटांकडे बघितलं आणि म्हणाली, "झालं का? आता हनुवटी टेकवा." बूट नंतर पुसले. कामाचा क्रम तरी तिला कळतो.

फोटो आला. "डाव्या बाजूला ठिपका आहे."

"प्लेटवरची धूळ असेल."

"असू शकेल."

शहाण्या माणसाने हे आधीच कबूल केलं असतं.

"म्हणून आणखी दोन काढू," ती म्हणाली. "एकात वर बघायचं, एकात खाली. डोकं अजिबात हलवायचं नाही. फक्त डोळे."

पद्धत बरी होती. कातायचा जॉब हलतोय की कातणारं टूल, ते वेगळं केल्याशिवाय चूक सापडत नाही. हे तिला कोणी शिकवलं कोण जाणे. वर बघितलं. खाली बघितलं. हललं तर नाव बदलीन, इतकं स्थिर मी डोकं धरलं होतं. ते मला येतं.

तिने दोन्ही फिल्म उजेडावर शेजारी शेजारी लावल्या. कवटी तीच, केसभरही न हललेली. ठिपका एकीत वर. दुसरीत खाली.

प्लेटवरची धूळ माझ्याबरोबर खाली बघत नाही.

मी खुर्ची जवळ घ्यायला लावली. लहानसा, पांढरा लख्ख, एका बाजूला टोकदार. ग्राइंडरच्या चाकाखालून उडालेलं पोलाद असं फाटतं. कुठल्या जॉबचं, कुठल्या वर्षीचं, सांगता येत नाही. त्या दिवशी मी आरशात बघून निघालं म्हटलं असणार, आणि हिने दिवा मालवला असणार.

"एमआरआय रद्द," चष्मेवालीने फोनवर कोणाला तरी सांगितलं. तिच्या आवाजात जिंकल्याचा सूर असेल म्हणून मी कान देऊन ऐकलं. नव्हता.

ही भिंतीकडे तोंड करून रडत होती. कशासाठी ते कळलं नाही. डोळा माझा, तपासणी माझी बुडाली, खडा की गाठ ते मला कळलं नाही, आणि रडते ही.

शनिवार, दुपारच्या आत

हिच्याशी बोलणं बंद आहे. तिला ते कळलं आहे की नाही, याबद्दल शंका आहे, कारण ती एरवीसारखीच उशा सारख्या करते.

टायवाले सकाळी आले. आज टाय नव्हता. माणूस एकदम धाकटा दिसतो. "एमआरआय विसरा. ताप उतरत नाही, आणि जास्त थांबणं धोक्याचं आहे. आज दुपारी सरळ दुर्बीण आत घालू. तिच्या टोकालाच सोनोग्राफी असते, आतूनच बघू. खडा असेल तर तिथल्या तिथे काढू. गाठ असेल तर तुकडा तपासायला घेऊ, पित्ताला वाट करून देऊ आणि बाहेर येऊ."

"म्हणजे आत काय आहे ते माहीत नसताना शिरणार."

"बघत बघत शिरणार."

"आणि मला कधी कळणार?"

"उठलात की."

उठलात की. 'की'वर जोर नव्हता, तरी मला तो ऐकू आला. तापात कान फार तीक्ष्ण होतात.

मग वेल्डर आला. फळं घेऊन आला, जी मला खायची नाहीत. डावा डोळा लालभडक, पाणी गळतंय, आणि चेहरा मात्र बक्षीस मिळाल्यासारखा.

"उस्ताद, तुम्ही नव्हतात ना, काल पलीकडच्या गाळ्यातल्या रंगाऱ्याच्या डोळ्यात गंजाचं कुसळ गेलं. मी काढलं."

"तू?"

"तुमचंच चुंबक. ड्रॉवर उघडाच होता. पापणी उलटी केली, दिवा तिरका, एकच हात. तुमच्यासारखंच. म्हटलं, निघालं, जा."

"तुझे वेल्ड दहा पावलांवरून वाकडे दिसतात. तुला डोळ्यात हात घालायला शिकवलं कोणी?"

"तुम्ही," तो म्हणाला. "आणखी कोण? एवढ्या वेळा तुमच्यासमोर बसलोय, एका डोळ्याने बघतच असतो की."

मी त्याने आणलेली फळं मोजायला लागलो. ताप होता.

ही खुर्चीवरून उठली. कपाटातून एक्स-रेचं मोठं पाकीट काढलं, माझ्या पायांशी पलंगावर ठेवलं आणि जग घेऊन पाणी आणायला गेली. जग काठोकाठ भरलेला होता. पाणी सांडत गेली.

मी फिल्म काढली आणि खिडकीकडे धरली. "काय दिसतं?"

"कवटी."

"कवटी आंधळ्यालाही दिसेल. हा ठिपका बघ. आणि आता ही दुसरी. इथे बघ कुठे गेला."

त्याला वेळ लागला. त्याचा एकच डोळा चालत होता. "आत आहे हो हा. कोणाचा डोळा, उस्ताद?"

"एका गाढवाचा. दोन्ही घेऊन जा आणि माझ्या ग्राइंडरवरच्या काचेला लाव, मागून उजेड येईल अशा. चारही कोपरे चिकटव. वाकड्या लावल्यास तर बघ. जो कोणी डोळा धरून येईल त्याला हे दाखवायचं आणि डॉक्टरकडे हाकलायचं."

"आणि चुंबक?"

"किल्ल्या अडकव त्याला."

तो हसला. "गाढवाचं नाव विचारलं तर काय सांगू?"

"ते मी येऊन सांगीन."

हसणं थांबलं त्याचं. फिल्म पाकिटात घालताना कोपरा दुमडला, तो त्याने अंगठ्याने सरळ केला. "याल ना, उस्ताद?"

"मूर्खासारखं विचारू नकोस. आणि तू आधी खाली जा, इथेच डोळ्यांचा डॉक्टर आहे. आत्ता."

"नुसतं टोचतंय हो."

"टोचतंय म्हणजे आहे."

गेला. ही जग घेऊन परत आली, पुन्हा काठोकाठ. "मिळालं पाणी?" मी विचारलं.

"मिळालं," म्हणाली.

ट्रॉली आली आहे. ओढणारा माणूस ती भिंतींना आपटत आणतोय. वही हिच्या हातात देतो. वाचणार नाही म्हणते. वाचेल.

सोमवार

खडा. गाठ नाही.

शनिवारी शुद्धीवर आलो तेव्हा पहिल्यांदा मेहुण्याचं तोंड दिसलं, त्यामुळे कुठल्या लोकात आलोय ते लगेच कळलं. "दाजी, खडा होता, खडा," तो म्हणाला आणि डोळे पुसत बाहेर गेला. त्या घराण्यात रडणं रक्तातच आहे.

काल काही लिहिलं नाही. दिवसभर झोपलो. सिस्टरने येऊन सांगितलं, आलं की हो तुम्हाला झोपायला.

टायवाल्यांनी खडा बाटलीत घालून दिला. ओबडधोबड, एक बाजू दुसऱ्या बाजूशी जुळत नाही. माझ्या अंगात असलं भिकार काम कसं तयार झालं, समजत नाही. नळीत आणखी एखादा राहिला नाही ना, असं विचारलं. त्यांनी चिडायला हवं होतं. चिडले नाहीत. शेवटचा फोटो आणून दाखवला, नळी मोकळी, फोटोसाठी आत सोडलेलं औषध पलीकडे गेलेलं स्वच्छ दिसत होतं. पित्ताशय महिन्याभराने काढायचं आहे. आज ताप नाही. दुखणं घशात, दुर्बिणीमुळे. लघवी फिकी होत चालली आहे.

मघाशी वेल्डरचा फोन आला. त्याच्या डोळ्यात कणाभोवती गंजाचं कडं धरलं होतं म्हणे. डॉक्टरने ते खरवडून काढलं, पट्टी बांधली. एका डोळ्यावर पट्टी असताना फिल्म सरळ लावली का विचारलं. म्हणाला, पाणसळ लावून बघितली.

"आणि उस्ताद, नाव कोणी विचारलंच नाही. सगळ्यांनी ओळखलं. म्हणतात, कवटीनेसुद्धा नाक मुरडलंय."

"रंगारी गेला का डॉक्टरकडे?"

"तो गेला. बाकीचे जात नाहीत. म्हणतात, आमच्या डोळ्यातलं उस्तादांनी काढलंय, राहणार कसं. उस्ताद येतील, एकदा बघतील आणि सांगतील. ते म्हणाले जा, तर जाऊ."

एका माणसाचं डोकं फोडून आतला ठिपका काचेला लावून दाखवला, तरी ही माणसं म्हणतात, उस्ताद बघतील. यांना गाढव म्हटलं तर गाढवाचा अपमान होईल.

"त्यांना सांग," मी म्हणालो, "उस्तादला आतलं दिसत नाही."

"काय? ऐकू नाही आलं. मशीन चालू आहे."

फोनवर बोलताना मशीन बंद करावं, एवढंसुद्धा लोकांना कळत नाही. ही कपड्यांच्या घड्या घालत होती, तिचा हात थांबला. समोरच्या पलंगावरचा म्हातारा पेपर खाली करून बघायला लागला. घसा दुखत होता. दुसऱ्यांदा मोठ्याने सांगावं लागलं, आणि सगळ्या वॉर्डाने ऐकलं.